भावोजींच्या दोन बाटल्या

रत्नागिरी शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे ऐन डिसेंबरातही पंखा बंद करायला कोणी अंथरुणातून उठत नाही, अशा आपल्या या गावात हिवाळ्याचा एक मोठा जाणकार राहत होता, आणि तो दीड महिन्यापूर्वी आपल्याला सोडून गेला. नागरिकांनी कृपया दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. खुद्द त्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं जन्मात जमलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हे जाणकार म्हणजे माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझा बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे; होड्यांना मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या आम्ही करतो. त्या सकाळी एका होडीच्या तांडेलाशी माझी हुज्जत चालली होती. लादी वितळलेली दिली असं त्याचं म्हणणं, आणि तू ती चहा पीत उन्हात ठेवलीस असं माझं. तेवढ्यात ताईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुध्या, ये रे. हे खुर्चीतून उठत नाहीयेत." मी म्हटलं, "अगो, मग बसू दे की त्यांना!" ... आणि पुढच्या क्षणी मला कळलं की ती काय सांगत्ये. तिला तसं उत्तर दिलेला मी. पण खरं सांगतो, आधी पाच-सहा महिने तिची तक्रार हीच असायची, की हे खुर्चीतून उठत नाहीत. आणि ते का उठत नव्हते, हे अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं.

हा लेख लिहायला मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो. एकदा कारखान्यात जाऊन कारण नसताना मिठाच्या पाण्याच्या टाकीत डोकावून आलो, एकदा मांडवीच्या वाळूत दोन फेऱ्या मारल्या. थोरवी गाणारे लेख लिहिणं सोपं असतं, आणि भावोजींची थोरवी होतीही. पण मला इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. भावोजींनी आयुष्यभर एका कामाचा ध्यास घेतला, शेवटी ते काम फसलं असं मानून ते गेले. ते फसलं नव्हतं. निदान ते फसलं की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. कारण त्यांच्या प्रयोगाचं वाटोळं मी केलं होतं.

आता क्रमानं सांगतो. भावोजी मूळचे मालगुंडचे. शिकले, कीटकशास्त्रात गेले, आणि थेट हिमालयात सफरचंदाच्या मुलखात नोकरीला लागले. ताईचं लग्न झालं तेव्हा आमच्या आईनं तिला रुखवतात लोकरीची शाल दिली, आणि सगळ्या बायका ती शाल अशा हाताळत होत्या जशी काही परदेशातली वस्तू. तिथे भावोजींनी पस्तीस वर्षं एकाच प्रश्नात काढली: सफरचंदाच्या अळ्या हिवाळ्यात मरत का नाहीत? सालीखाली बोटभर फटीत निजलेली एवढीशी अळी, वर हातभर बर्फ, आणि वसंतात ही बया जांभई देऊन उठते, ती कशी? कोकणात सुट्टीला आले की आमच्या कलमांवरचे तुडतुडे बघून ते तोंड वेडंवाकडं करायचे. "तुमच्याकडची कीड अगदीच लाडावलेली आहे हो मेहुणे. तिला कधी परीक्षाच द्यावी लागत नाही." मला ते 'मेहुणे' म्हणाले, की मला काहीतरी कळत नाहीये हे त्यांच्या ध्यानात आलंय असं समजायचं.

त्यांचं संशोधन मला त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरात, इकडून तिकडे फेऱ्या मारत समजावलं होतं. "लग्नाची पंगत बघितलीस ना? पाट मांडलेत, पानं वाढलीत, शंभर माणसं उभी आहेत, पण कोणी बसत नाही. आधी तुम्ही बसा, नाही तुम्ही बसा. मग एखादा अण्णा येतो, सरळ फतकल मारतो. तो बसला की बघता बघता सगळी पंगत बसते. पाण्याचंही तसंच. शून्याच्या खाली गेलं तरी ते लगेच गोठत नाही. पहिला कोणीतरी बसावा लागतो. अळी हुशार असते. थंडीआधी ती पोट रिकामं करते, आत धुळीचा कणसुद्धा ठेवत नाही, म्हणजे पहिल्याला बसायला जागाच नाही. मग अंगातलं पाणी तसंच उभं राहतं, हिवाळाभर."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी अण्णांना पाठवणार."

हे अण्णा म्हणजे एक जिवाणू. झाडांच्या पानांवर राहणारा, साधासुधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या अंगाची ठेवणच अशी, की त्याच्याभोवती पाणी पटकन गोठतं. भावोजींनी तो त्याच सफरचंदांच्या बागांतल्या पानांवरून उचलला होता. थंडीआधी झाडाच्या बुंध्यावर तो फवारायचा. अळीच्या अंगाला लागला, पोटात गेला, की पहिल्याच कडक थंडीत अळी आतून गोठणार. विष नाही, वास नाही, माणसाला काही नाही. हिवाळा आपला आपण काम करतो, फक्त त्याला आत शिरायला एक दार उघडून द्यायचं.

प्रयोगशाळेत हे सगळं जमलं होतं. बागेत मात्र कधी करून बघताच आलं नाही. दर वर्षी काहीतरी आडवं आलं. कधी वरचा साहेब बदलला, कधी विषय बदलला, एकदा तर मेली थंडीच पडली नाही. तसेच निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी ताईला घेऊन रत्नागिरीत राहायला आले. हिवाळ्याची किल्ली खिशात घेऊन माणूस अशा गावात आला, जिथे हिवाळ्याचं घरच नाही! पण इथे एक गोष्ट होती, जी त्यांच्या मुलखातल्या कोणत्याही मेहुण्याकडे नव्हती: माझा कारखाना.

पहिल्याच आठवड्यात ते सकाळी दहाला स्कूटरवरून हजर. उकळून गाळलेल्या पाण्याची काचेची बाटली त्यांनी माझ्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत दोरीनं सोडली आणि तासभर टाकीभोवती फेऱ्या घातल्या. मी म्हटलं, "भावोजी, वडाला घालतात त्या सातच असतात." ते हसले नाहीत. मग बाटली अलगद बाहेर काढली. टाकीतलं पाणी शून्याच्या बरंच खाली असतं, तरी बाटलीतलं पाणी पाणीच होतं, हलत होतं. त्यांनी एका नळीतून त्यांच्या गढूळ पाण्याचा एक थेंब आत सोडला. टप्... आणि वरून खाली, माझ्या डोळ्यांसमोर, पांढरी लाट उतरावी तशी अख्खी बाटली गोठत गेली. माझे तिघे कामगार हातातलं टाकून आले. मी तीस वर्षं बर्फ करतोय, पण बर्फ होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. भावोजी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मेहुणे, बसली की नाही पंगत?"

त्या दिवसापासून माझ्या थंड खोलीतला एक कोपरा त्यांचा झाला. जिवाणूंचं खाणं ताई घरी कुकरमध्ये शिजवून द्यायची, विरजण भावोजी लावायचे, आणि आमच्या उकाड्यात ते जगायचं नाही म्हणून वाढायला माझ्याकडे ठेवायचे. दही लावावं इतकं ते घरगुती झालं होतं. तिकडच्या एका बागवाल्या मित्रानं, ठाकूरसाहेबांनी, आपली अर्धी बाग देऊ केली होती. अर्ध्या बागेत फवारायचं, अर्ध्यात नाही. मार्चमध्ये साली सोलून मेलेल्या आणि जिवंत अळ्या मोजायच्या. पस्तीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणार होतं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोन बाटल्या तयार झाल्या, घट्ट, दुधट रंगाच्या. भावोजींनी त्या तपासल्या, लेबलं लावायला घरी नेल्या, आणि संध्याकाळी ताईनं त्या परत माझ्याकडे आणून दिल्या. एक दिवस सोडून सकाळच्या गाडीनं, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून, त्या निघणार होत्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कॉम्प्रेसर रुसला. ज्यांनी बंदरावर धंदा केलाय त्यांना सांगायला नको. सगळ्या होड्या एकदम बाहेर पडायच्या तयारीत, लाद्या अर्ध्या कच्च्या, आणि दारात आठ तांडेल माझ्या कुळाचा उद्धार करतायत. "सुधीरशेठ, बर्फ देताव की दुसरीकडं जाव?" मिस्त्रीनं कॉम्प्रेसर कसाबसा चालू करून दिला, पण त्याच्यात जोर नव्हता. मी थंड खोलीत गेलो, कपाळावर हात मारला, आणि समोर त्या दोन बाटल्या.

मला दुसरं काही दिसेना. फक्त ती पांढरी लाट. एका थेंबात अख्खी बाटली गोठते, तर दोन बाटल्यांत काय काय नाही गोठणार! मनाशी म्हटलं, एक चतुर्थांशच घेऊ. मग अर्धी घेतली. मग दुसरीही उघडली. कामगारांना चहाला पाठवून मी एकटा टाकीतल्या लाद्यांच्या डब्यांवरून असा फिरलो जसा काही पुरोहित तीर्थ शिंपडतोय... आणि डोळे मोठे करून उभा राहिलो.

काही म्हणजे काही झालं नाही. लादीला जितका वेळ लागायचा तितकाच लागला. कारण मला जे आज कळतं ते तेव्हा कळलं नाही: अण्णा पहिले बसतील, पण शंभर पानं वाढायला वाढपी लागतातच. पाण्यातली उष्णता काढून घेणं हे कॉम्प्रेसरचं काम, ते जिवाणू कुठून करणार? माझ्या मासळीच्या बर्फात पस्तीस वर्षांचं संशोधन विरघळलं आणि ते घेऊन होड्या समुद्रात गेल्या.

त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट. मी रोज अकराला पेज घेतो. त्या दिवशीचं पेजेचं भांडं समोर होतं. वरची निवळ दुधट, अगदी तोच रंग. मी त्या दोन बाटल्या पेजेनं भरल्या, बुचं लावली, लेबलं पुसून नीट केली. मनात हिशेब सोपा होता. या वर्षी काही होणार नाही, भावोजी म्हणतील थंडी कमी पडली. पुढच्या वर्षी नवं विरजण लावतील. एक वर्ष म्हणजे काय? पस्तीस गेलीच आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकं माझ्यासमोर बांधलं, सुतळीची गाठ तीनदा मारली, आणि गाडीत ठेवेपर्यंत मला हात लावू दिला नाही. "तुझे हात गरम असतात," म्हणाले.

तो हिवाळा आम्ही दोघांनी चालून काढला. भावोजी रोज मांडवीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात फोन, त्यावर तिकडचं तापमान. "आज उणे सात! मेहुणे, उणे सात!" घामानं निथळत ते मला सांगायचे आणि भेळवाला आमच्याकडे बघत राहायचा. मी बरोबरीनं चालायचो, कारण थांबलो तर बोलून जाईन अशी धास्ती. मार्चमध्ये ठाकूरसाहेबांचा फोन आला. दोन्ही बाजूंना अळ्या सारख्याच जिवंत. काडीचा फरक नाही.

माझा हिशेब इथे चुकला. भावोजींनी थंडीला दोष दिला नाही, कारण थंडी उत्तम पडली होती. रोजचा आकडा त्यांनीच टिपून ठेवला होता. बाटल्यांवर त्यांनी शंका घेतली नाही, कारण बाटल्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या. त्यांनी सरळ मानलं की आपला विचारच चुकला. बाटलीत जमतं, बागेत जमत नाही. ठाकूरसाहेबांना सांगितलं, पुन्हा त्रास घेऊ नका. जुन्या कचेरीतला एक तरुण सहकारी हाच विषय पुढे नेणार होता, त्यालाही कळवलं, वेळ घालवू नकोस. मला म्हणाले, "तुझ्या फ्रीझरमधल्या विरजणाच्या नळ्या टाकून दे." आणि घरी जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले.

जेवताना घास घेऊन बागेत चक्कर मारणारा माणूस. ताई पानं वाढून त्यांच्यामागे धावायची. तो माणूस बसला. पेपर वाचायचे, चहा प्यायचे, माडांकडे बघायचे. मी रोज जायचो सांगायला. तीनदा तर अगदी वाक्य जुळवून गेलो. एकदा त्यांच्यासमोर उभं राहून म्हटलं, "भावोजी, त्या बाटल्यांचं एक..." त्यांनी हात वर केला. "जाऊ दे रे. माणसाला आयुष्यात एक प्रश्न मिळाला तरी पुष्कळ. मला उत्तरसुद्धा मिळालं. 'नाही' हेही उत्तरच असतं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. त्या हसण्यापुढे पेज हा शब्द माझ्या तोंडून निघेना. नाटकात कामं केलेला मी, सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा मला गप्प बसवावं लागतं. आणि मी गोष्ट सांगितली ती कुठली, तर लादी वितळली म्हणून भांडायला आलेल्या एका जुन्या तांडेलाची. ती ऐकून घेतली त्यांनी. मग म्हणाले, "आता जा. कारखाना उघडा असेल."

त्यांचे दिवसवार होऊन तीन आठवडे झाल्यावर ठाकूरसाहेबांचा समाचाराचा फोन आला, तो मी घेतला. भला माणूस, रडला. मग बागेचं विचारलं तर म्हणाला, अळ्या सालीखाली शिरायला लागल्यात. पंधरा-वीस दिवसांत त्या निजतील. साहेबांचा उपाय लागू पडला असता तर बरं झालं असतं, आता बाकीचे मारतात तेच औषध मारणार. मी फोन ठेवला आणि थंड खोलीत गेलो. एक गोष्ट मी भावोजींची ऐकली नव्हती. नळ्या टाकल्या नव्हत्या. फ्रीझरमध्ये सुरमईच्या पाकिटांखाली चार नळ्या तशाच होत्या.

पण विरजण लावायचं कसं, खाणं काय, किती शिजवायचं, किती निववायचं, हे आता एकाच माणसाला माहीत होतं. ताईला. म्हणजे पंधरा दिवसांत सगळं व्हायचं तर तिला सांगायला हवं. आणि काय सांगायचं? की तुझा नवरा जे उत्तर उराशी घेऊन गेला, ते माझ्या न्याहारीचं होतं?

गेल्या रविवारी सकाळी गेलो. ताई व्हरांड्यात बसली होती, त्याच खुर्चीशेजारी जमिनीवर, भावोजींच्या वह्या सुतळीनं बांधत. कोणा रद्दीवाल्याला सांगितलं होतं म्हणे. "त्यांनीच सांगितलं होतं, याचं आता काही काम नाही," ती म्हणाली. माझ्या हातात नळ्यांचा डबा, त्यातून थंडगार पाणी ठिबकतंय. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सुरू केलं. कॉम्प्रेसर, तांडेल, डबे, बाटल्या, पेज. मध्ये एकही विनोद केला नाही. वयात आल्यापासून हे पहिलंच भाषण असेल ज्यात मी कोणाची नक्कल केली नाही. ताई सुतळी हातात धरून ऐकत होती. माझं संपलं. मी मनाची तयारी केली होती की ती मारेल, लहानपणी मारायचीच. रडेल, उठून आत जाईल, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणेल. शेजारच्या काकू कुंपणापाशी फुलं तोडायची थांबून कान देऊन उभ्या होत्या. आणि ताईच्या हातातली सुतळी सुटली, वह्या पायरीवरून घसरल्या, ती ताडकन उठली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे मेल्या, पेज होती ती? आणि मी वर्षभर कुढत्ये, की त्या दिवशी बाटल्या दुपारभर ओट्यावर विसरल्ये, म्हणून त्यांचं सगळं माझ्या हातून मेलं!"